तिरकं स्वस्तिक आणि बाबांचा प्रश्न

"बाळा, हे स्वस्तिक असं तिरकं का? आणि काळं कशाला?"

आजीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्या धाकट्या भावाच्या टेबलावरचा एक छोटा कागद उजेडात धरला. विमानाच्या शेपटीवर चिकटवायची चिन्हं होती त्यावर. भावाने घाईघाईने कागद तिच्या हातातून काढून घेतला. "आजी, ते आपलं नाहीये," एवढंच म्हणाला. मग कुणाचं, हे तिला नीट सांगायला त्याला पुढे दोन महिने लागले.

या सदरात आपण दर वेळी कुणाच्या तरी घरातला छंद पाहतो. आजचा छंद माझ्याच घरातला आहे. मी तो तुम्हाला भलत्याच पद्धतीने सांगणार होते, तेही कबूल करते.

आम्ही उरल्यात राहतो. रायपूरला लागून असलेलं हे औद्योगिक क्षेत्र. सकाळी गॅलरी पुसली तर संध्याकाळी कठड्यावर बोटाने नाव लिहिता येतं, इतकी काळी धूळ. बाबा इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये फिटर आहेत. भाऊ मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात, शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर, तो दुसऱ्या महायुद्धातली जर्मन जेट विमानं बनवतो.

खरी नव्हेत हो. प्लॅस्टिकची स्केल मॉडेल्स.

बहात्तरावा हिस्सा

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी येतात आणि त्या चौकटींना विमानाचे सुटे भाग जोडलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा हिस्सा. खरं विमान नऊ मीटर लांब असेल तर तुमचं साडेबारा सेंटिमीटर. वितीपेक्षाही लहान.

या छंदात एक खास पंथ आहे, 'लुफ्ट ४६'. जर्मनी १९४५ च्या मे महिन्यात हरली. ती हरली नसती, युद्ध १९४६ पर्यंत चाललं असतं, तर आकाशात कोणती विमानं दिसली असती? जर्मन अभियंत्यांनी शेवटच्या दोन वर्षांत कागदावर भन्नाट आकार काढून ठेवले होते. शेपूटच नसलेली विमानं, मागे झुकलेले पंख, पाठीवर बसवलेलं इंजिन. त्यातली काही उडाली, काहींचे नमुने अर्धवट राहिले, तर बरीचशी कागदाबाहेर आलीच नाहीत. मॉडेल बनवणारे ती प्लॅस्टिकमध्ये पूर्ण करतात. तयार किट मिळालं नाही तर दुसऱ्याच किटची काटछाट करून हवं ते विमान घडवतात. याला ते 'कन्व्हर्जन' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या साडीचा ड्रेस.

हे सगळं बघून माझ्यातली कंटेंट रायटर जागी झाली. पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं, 'हिटलरची दहा गुप्त विमानं : सातवं पाहून थक्क व्हाल'. फोटो निवडून झाले होते. मसुदा पाठवायच्या आदल्या रात्री बाबा सेकंड शिफ्टहून परत आले.

गोंदाने घेतलेला जीव

त्या रात्री भावाने आपलं पहिलं चांगलं जमलेलं मॉडेल पूर्ण केलं होतं. हाइन्केल १६२. पाठीवर एकच जेट इंजिन, आखूड पंख, एखादा टोळ बसल्यासारखं रूप. तो बाबांना उत्साहाने त्याची गोष्ट सांगत होता.

गोष्ट आहेही तशीच. १९४४ च्या उत्तरार्धात जर्मनीकडे धातू कमी, इंधन कमी, शिकलेले वैमानिक तर त्याहून कमी. म्हणून स्वस्तात आणि झटपट बनेल असं विमान हवं होतं. सरकारने त्याला 'लोकांचं लढाऊ विमान' असं नाव दिलं. पंख लाकडाचे ठेवले. आराखड्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत अवघे तीनेक महिने लागले, ६ डिसेंबर १९४४ ला ते हवेत गेलं. चारच दिवसांनी, १० डिसेंबरला, बड्या पाहुण्यांसमोर वेगाने जाताना त्याच्या पंखाचा भाग सुटला आणि वैमानिक ठार झाला. कारण काय, तर गोंद. आधी वापरात असलेला चांगला गोंद जिथे बनायचा तो कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला होता. त्याच्या जागी आणलेल्या गोंदातलं आम्ल लाकूडच खात होतं.

"बघा बाबा, गोंद नीट नसला की काय होतं," भाऊ म्हणाला. एरवी गोंदाच्या वासावरून बाबा त्याला ओरडतात, त्याचं हे उत्तर होतं.

बाबांनी हात धुतले, मॉडेल तळहातावर घेतलं, उलटं करून खालून पाहिलं. कारखान्यातून आलेली कुठलीही वस्तू ते आधी खालून पाहतात. मग विचारलं, "तीन महिन्यांत? माणसं कुठली लावली?"

"म्हणजे?"

"अरे, पोरं सगळी लढाईवर. सामान नाही. वर बॉम्ब पडतायत. आणि तीन महिन्यांत विमान बाहेर. मग शिफ्ट कोण करत होतं?"

भावाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या दहा विमानांच्या यादीत वेग होता, पंखांची लांबी होती, इंजिनाचं नाव होतं. माणसं नव्हती.

खाणीतला कारखाना

त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत वाचत बसलो.

व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्यूल नावाचं गाव आहे. तिथे जिप्समची जुनी खाण आहे आणि तिच्या पोटात जमिनीखालचं तळं. आज पर्यटक तिथे होडीत बसून फिरतात. १९४४ मध्ये त्या खाणीतलं पाणी उपसून आत विमानाचा कारखाना उभारला गेला. हाइन्केल १६२ चे सांगाडे तिथे बनत होते. बनवणारे होते माउटहाउझेन छळछावणीचे कैदी. १९४५ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या, तेव्हा कैद्यांना तिथून पायी माउटहाउझेनकडे हाकललं गेलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना मारून टाकलं.

एवढ्यावर थांबत नाही. मेसरश्मिट २६२ हे त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं लढाऊ जेट. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याचे भाग ऑस्ट्रियातल्याच गुझेन छावणीच्या कैद्यांनी भुयारात बनवले. आणि इतकं करून त्याच्या इंजिनाचं आयुष्य होतं पंचवीस तासांच्या आसपास. त्यानंतर इंजिन उतरवायचं. ज्याला 'चमत्कार' म्हणून मिरवलं, ते घाईत, उपाशी माणसांच्या हातांनी बनलेलं आणि पंचवीस तासांत थकणारं यंत्र होतं.

सकाळी भावाने हाइन्केल १६२ उचललं, खोक्यात घातलं आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. मी माझा मसुदा पुसून टाकला. त्याने दोन महिने टेबलाला हात लावला नाही. आईला वाटलं, बरं झालं, अभ्यास करेल. अभ्यासही केला नाही. संध्याकाळी नुसता गॅलरीत उभा राहायचा.

मी बाबांवर चिडले होते, खरं सांगते. पोराला एक गोष्ट मनापासून आवडत होती आणि तुम्ही एका प्रश्नात ती घालवलीत, असं बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "मी कुठे म्हटलं बनवू नको? मी विचारलं, कोणी बनवलं. आमच्या मालावर कंपनीचं नाव असतं, आमचं नसतं. म्हणून विचारलं."

कागदावरून बंगळुरूपर्यंत

टेबल पुन्हा उघडलं ते दुसऱ्या एका किटमुळे. ते आधीच मागवलेलं होतं आणि उशिरा पोहोचलं. फोके-वुल्फ टीए १८३. हे विमान कधीच बनलं नाही. हान्स मुल्टहोप नावाच्या अभियंत्याने आराखडा काढला होता. त्याच्या वर होते कंपनीचे मुख्य रचनाकार कुर्ट टांक. मागे झुकलेले पंख, उंच शेपूट आणि तिच्या टोकावर आडवी पट्टी. १९४५ च्या सुरुवातीला सरकारने ते निवडलं आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश फौजा ब्रेमेनच्या कारखान्यात शिरल्या. गोष्ट तिथेच संपली.

विमानाची संपली. कुर्ट टांक यांची नाही. युद्धानंतर ते वेगळ्या नावाच्या कागदपत्रांवर अर्जेंटिनाला गेले. तिथे त्यांनी टीए १८३ च्याच वळणाचं 'पुल्की २' बनवलं, ते १९५० मध्ये उडालं. १९५५ मध्ये तिथलं सरकार उलथलं. १९५६ मध्ये टांक आपल्या काही सहकाऱ्यांसह आले थेट बंगळुरूला, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. भारताला स्वतःचं लढाऊ जेट हवं होतं. ते विमान म्हणजे एचएफ-२४ मारुत. मारुत म्हणजे वारा, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

आमच्याकडच्या वाचकांना हा काळ ओळखीचा वाटेल. रायपूरपासून तीसेक किलोमीटरवर भिलाईत तेव्हा रशियन अभियंते पोलाद कारखाना उभा करत होते. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. त्याच वर्षी बंगळुरूत मारुतचा पहिला नमुना हवेत गेला आणि तो नमुना काय होता, ऐका. अख्ख्या आकाराचं, लाकडी, इंजिन नसलेलं ग्लायडर! दुसरं विमान त्याला ओढत वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. पंख कसे वागतात ते आधी असं तपासलं गेलं.

"ताई, म्हणजे त्यांनी आधी मॉडेल बनवलं," भाऊ म्हणाला. "एकास एक स्केलचं." दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता.

खरं इंजिनाचं मारुत १७ जून १९६१ ला उडालं. चालवत होते सुरंजन दास. पुढे १९७० मध्ये मारुतचीच चाचणी घेताना त्यांचा मृत्यू झाला. बंगळुरूत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

यात एक मराठी नावही आहे, डॉ. विष्णू माधव घाटगे. १९३० च्या दशकात ते जर्मनीत ग्योटिंगेनला जाऊन लुडविग प्रांटल यांच्याकडे हवेच्या प्रवाहाचं शास्त्र शिकून आले. मागे झुकलेल्या पंखांचा अभ्यास जिथे झाला, तेच हे गाव. टांक यायच्या आधीच, १९५१ मध्ये, घाटगे यांच्या चमूने एचटी-२ हे भारतीय बनावटीचं प्रशिक्षण विमान उडवून दाखवलं होतं. म्हणजे बंगळुरूत टांक रिकाम्या शेडमध्ये आले नव्हते. तिथे विमान बनवू शकणारी माणसं होती, आणि ती पगारावर कामाला होती. बाबांना हे शेवटचं वाक्य फार आवडलं.

मारुतची गोष्ट गोड नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न होतं, पण त्यासाठी हवं तेवढं ताकदीचं इंजिन कधी मिळालंच नाही. कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं. तरी दीडशेच्या आसपास विमानं बनली. १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या सीमेवर लढली आणि गोळीबारात एक इंजिन गेल्यावरही दुसऱ्यावर परत आली. आज एक मारुत मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभं आहे. आत्याकडे गेलो होतो तेव्हा आम्ही ते पाहिलं. बाबा वाकले आणि आधी खालून पाहिलं.

आणि कुर्ट टांक? ते हुशार होते आणि त्यांनी आपल्याला काहीतरी दिलं, हे खरं. ज्या कंपनीचे ते मुख्य रचनाकार होते तिने युद्धात सक्तीचे मजूर वापरले, हेही खरं. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

साडीचा ड्रेस होईना

भावाने ठरवलं, टीए १८३ चं कन्व्हर्जन करून मारुत बनवायचं. ऐकायला फार छान. मग त्याने मापं काढली. टीए १८३ साधारण ९.२ मीटर लांब, पंखांचा पसारा १० मीटर. मारुत जवळजवळ १६ मीटर लांब, पंखांचा पसारा ९ मीटर. बहात्तराव्या हिश्शात टीए १८३ तेरा सेंटिमीटरचं आणि मारुत बावीसचं! पंख उलट आखूड. एक इंजिन नाकातून हवा घेणारं, तर मारुतची दोन, बाजूंनी हवा घेणारी. शेपूट वेगळी.

"हे त्याचं पोर नाहीये ताई," तो म्हणाला. "फार तर नात्यातलं."

मला वाटतं, त्या दिवशी तो जे शिकला ते मी दहा लेख वाचून शिकले नसते. 'मारुत म्हणजे नाझी विमानाची नक्कल' असं कुणी म्हणालं तर तो आता पट्टी काढून दाखवतो.

मग मारुत त्याने नव्यानेच घडवलं. छापील आराखडा मापात आणला. पॉलिस्टायरीनच्या पातळ पत्र्यातून आडवे छेद कापले, ते एका कण्यावर ओवले, मधली जागा पुटीने भरली आणि घासत बसला. आठवडेच्या आठवडे घासत बसला. बाजूच्या हवेच्या तोंडातले अर्धे शंकू जुन्या पेनच्या टोकांपासून केले. कॉकपिटची काच तीनदा फसली. आईच्या पोळ्या झाल्या की तव्यावर प्लॅस्टिक गरम करायला गेला, तेव्हा मात्र घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

घरी सुरू करायचं असेल तर

* पहिलं किट साधं, कमी भागांचं घ्या. १/७२ जागाही कमी खातं. लहान मुलांबरोबर मोठ्यांनी बसायचंच, पातं धारदार असतं.
* भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.
* चिकटवण्याआधी दोन भाग नुसते जुळवून पाहा. प्लॅस्टिकचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, चूक मागे घेता येत नाही.
* खिडकी उघडी ठेवा. घासताना आणि फवारा मारताना मास्क लावा. गोंद, रंग, पातं लहानग्यांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.
* ज्या विमानांना नाकाखाली चाक असतं, ती नाकात वजन नसेल तर शेपटीवर बसतात. नाक बंद करण्याआधी आत वजन चिकटवा. आमच्याकडे जुन्या बेअरिंगचे छर्रे कामी आले.
* रंग पातळ थरांत द्या. धूळ ही रंगाची शत्रू, हे उरल्यात शिकवावं लागत नाही. आमचं ओलं मॉडेल स्टीलच्या डब्याखाली झाकून वाळतं.
* चिन्हं चिकटवण्याआधी चकचकीत वार्निशचा थर द्या, नाहीतर खाली हवा अडकून ती चंदेरी दिसतात.

आणि एक टिप माझी. किट घेताना मुलांना एवढं विचारा, हे कोणाचं, आणि कोणी बनवलं? उत्तर शोधताना किट बनवण्यापेक्षा जास्त दिवस लागले तरी चालेल.

खंडेनवमी

काळ्या चिन्हाचं काय झालं, ते राहिलंच. जर्मनीत ते उघड मिरवायला कायद्याने मनाई आहे, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या किटमध्ये बहुधा ते नसतंच. इतरत्र मॉडेल बनवणाऱ्यांत वाद आहे. काही म्हणतात, इतिहास होता तसा दाखवावा. ते पटण्यासारखं आहे. पण आमच्या घरात उंबऱ्यावर रोज रांगोळीचं स्वस्तिक निघतं. भावाने आजीला समोर बसवून दोन्हींतला फरक सांगितला. छावण्यांचंही सांगितलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपलं चिन्ह नेऊन असं केलं होय मेल्यांनी." तो कागद फाडून टाका, असं मात्र ती म्हणाली नाही. तो पाकिटात आहे. शेपटी कोरी आहे.

हाइन्केल १६२ पलंगाखालून बाहेर आलं. बाबांनी भंगारवाल्याकडून पट्टीचे तीन तुकडे आणले, कापून, घासून तीन बैठका केल्या. भावाने तिन्हींवर पाट्या लावल्या. टीए १८३ खाली लिहिलंय, 'हे कधीच बनलं नाही.' मारुतखाली, 'बंगळुरू, १९६१.' हाइन्केलखाली विमानाच्या नावाआधी लिहिलंय, 'हिंटरब्र्यूलच्या खाणीतल्या कैद्यांनी बनवलेलं.'

खंडेनवमीला आमच्याकडे बाबांचे पाने, आईची कात्री, माझा लॅपटॉप, सगळं पाटावर येतं. यंदा भावाची कटर आणि कानशीही आली. आजीने हत्यारांना हळदकुंकू लावलं, मारुतच्या नाकालाही एक बोट लावलं. भाऊ ओरडला, रंग खराब होईल म्हणून. मग ती हाइन्केलजवळ थांबली. कुंकवाचं बोट मागे घेतलं. पाटी मोठ्याने वाचून दाखव म्हणाली. त्याने वाचली. तिने झेंडूचं एक फूल त्या पाटीपुढे ठेवलं आणि पुढच्या हत्याराकडे वळली.